पलंग कुठे ठेवणार?

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा. बिल्डरच्या ऑफिसात पेढे, टेबलावर गुळगुळीत ब्रोशर आणि त्यावर ओणवं झालेलं अख्खं कुटुंब. सासरेबुवा दिशा बघतात, पोरं स्विमिंग पूल बघतात, उरलेले ईएमआय बघतात.

घराचा नकाशा कुणीच बघत नाही.

बघितला तरी कोपऱ्यातला उत्तरेचा बाण तेवढा. देवघर ईशान्येला आलं की वास्तुवाला खूश. मे महिन्यात दुपारी चार वाजता पश्चिमेच्या त्या भल्यामोठ्या काचेतून बेडरूममध्ये जे येणार आहे, त्यावर त्याच्याकडे तोडगा नाही. एसीवाल्याकडे आहे.

आता नकाशातला पलंग बघा. बेडरूम दहा बाय अकरा. मधे पलंग, दोन्हीकडे टेबलं, समोर कपाट, आणि तरीही फुगडी घालता येईल एवढी जागा शिल्लक. कशी काय? पट्टी लावून पाहा. डबल बेड म्हणून काढलेला तो पलंग कित्येकदा पाच फुटांचा निघतो. ब्रोशरमधली माणसं बहुधा गुडघे पोटाशी घेऊन झोपत असावीत.

तुमचा पलंग सहा बाय साडेसहा. कपाटाची खोली दोन फूट. साडेसहा आणि दोन साडेआठ. दहा फुटांतला राहिला दीड फूट, आणि कपाटाचं दारच पावणेदोन फुटांचं. कपाट उघडायचं तर आधी पलंगावर चढा.

‘सरकत्या दाराचं घ्या ना सर,’ सेल्सवाला सांगतो. म्हणजे खोली त्यांनी चुकवायची आणि कपाट आपण बदलायचं!

सॅम्पल फ्लॅट मात्र ऐसपैस वाटला होता, नाही का? पुन्हा जाऊन बघा. आतल्या खोल्यांना दारं होती? बऱ्याच सॅम्पल फ्लॅटना नसतात. दारच नाही, तर ते उघडायला जागा कशाला लागेल?

हॉल अठरा फूट लांब. वा! त्यात उघडतात मुख्य दार, बाल्कनी, किचन, दोन बेडरूम आणि पाहुणे पोहे खात असताना नेमकं समोर येणारं कॉमन टॉयलेट. सोफा टेकवायला सलग भिंत कुठे आहे? तुम्ही हॉल घेतलेला नाही. पॅसेज घेतलाय.

तशी नकाशातली कला जुनीच. मुंबईच्या नकाशांत पूर्वी खिडकीखाली हमखास ‘फ्लॉवर बेड’ असायचा. तो एफएसआयमध्ये, म्हणजे किती बांधता येईल त्या मर्यादेत, धरत नसत, आणि ताबा मिळेपर्यंत बऱ्याचदा तो खोलीत सामील झालेला असे. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, फ्लॉवर बेडही एफएसआयमध्ये मोजला जाऊ लागला.

बिल्डरांचं फुलांवरचं प्रेम एका रात्रीत आटलं.

आता रेरा कायदा आहे, कार्पेट एरियाची व्याख्या आहे. उत्तम. फक्त त्या कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते, तेव्हा सगळ्यावर सतरंजी अंथरता येईल असं समजू नका. शिवाय महाराष्ट्रातल्या नमुना करारात तीन टक्के कमी-जास्तीची मुभा आहे. सातशे चौरस फुटांचे तीन टक्के म्हणजे एकवीस. एक छोटं न्हाणीघरच की! कमी भरलेल्या जागेचे पैसे परत देण्याची तरतूद करारात आहे. पण त्या पैशांत आंघोळ करता येत नाही.

आणि वाळत घालायचे कपडे कुठे? जास्तीच्या गाद्या, प्रवासाच्या बॅगा, गणपतीचं मखर, गव्हाचा डबा? ब्रोशरमधल्या कुटुंबाकडे एक सोफा, एक कुंडी आणि बशीत तीन सफरचंदं. त्यांचा टॉवेलसुद्धा कधी ओला होत नाही. आजीही नसते त्यांच्याकडे. तुमच्याकडे आहे. बाथरूमच्या अडीच फुटी दारातून ती वॉकर घेऊन आत गेली, तर वळणार कुठे?

हे विचारलं की सेल्सवाला क्लबहाऊस दाखवतो.

तेव्हा बुकिंगला जाण्याआधी घरातला पलंग, फ्रिज, कपाट आणि वॉशिंग मशीन टेपने मोजा. नोंदणीकृत प्रकल्पाचा मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावर फुकट बघायला मिळतो. आपलं सामान त्याच मापात कागदावर कापा आणि त्या नकाशावर ठेवून बघा. पूर्ण मजल्याचा नकाशाही मागा. बेडरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते की शेजाऱ्याच्या किचनसमोर, ते त्यातच कळतं. दाखवलेला फ्लॅट तुमचाच की त्याचा आरशातला जोडीदार, तेही विचारा.

‘ऑफर आजच संपतेय’ म्हणून कुणी चेकबुक काढायला लावलं, तर रेराचं कलम १३ लक्षात ठेवा. लेखी करार करून तो नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून एक रुपयाही जास्त घेता येत नाही.