कळमेश्वरात जागतिक व्यापारावर वाद घालण्याची रीत

जागतिक व्यापारावर वाद घालायला कळमेश्वरइतके सोयीचे गाव नागपूर जिल्ह्यात विरळा. तालुक्यात संत्रा, कापूस, सोयाबीन आणि एमआयडीसीत रंगीत पत्र्याचा पोलाद कारखाना. त्यामुळे ढाका, वॉशिंग्टन आणि दिल्ली या तिन्ही राजधान्यांचे कान उपटण्याचा हक्क इथल्या माणसाला आपोआप मिळतो. स्थळ पानठेला. प्रतिपक्षाला खर्रा घोटून होईपर्यंतच बोलू द्यावे.

भूमिका घेण्याआधी शेतात काय उभे आहे ते पाहावे. संत्रा असेल तर मुक्त व्यापाराची बाजू घ्यावी. बांगलादेशाने २०१९पासून आयात शुल्क चढवत नेऊन २०२३मध्ये किलोमागे ८८ रुपयांवर पोचवले, हा आकडा पाठ असावा. शेजारधर्म आणि १९७१ यांचा उल्लेख इथेच शोभतो. शुल्क भरतो तिकडचा आयातदार, पण ते वळते होते इकडच्या बागेच्या सौद्यातून. ही गोष्ट खरी असल्यामुळे वादात तिचा फारसा उपयोग नाही.

कापूस असेल तर त्याच माणसाने, त्याच बाकावर, संरक्षणवादी व्हावे. २०२१मध्ये कापसाच्या आयातीवर लावलेले ११ टक्के शुल्क केंद्राने १९ ऑगस्ट २०२५पासून उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अमेरिकेच्या ५० टक्के करामुळे कापड उद्योग धास्तावला होता, त्याला स्वस्त रुई हवी होती. म्हणजे ट्रम्प यांनी दंड केला तिरुपूरच्या बनियनला आणि भरपाई मागितली गेली विदर्भाच्या बोंडाकडे. हे वाक्य सावकाश म्हणावे, टाळी मिळते.

अडचण दिवाळीच्या सुमारास येते. आंबिया बहाराचा संत्रा आणि कापसाची वेचणी एकाच वेळी, म्हणजे सकाळी मुक्त व्यापार आणि संध्याकाळी संरक्षण. मध्ये रशिया-युक्रेन घालावे. तोवर सकाळचे कोणाला आठवत नाही. विसंगतीची लाज बाळगण्याचे कारण नाही. सरकारने कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क सप्टेंबर २०२४मध्ये शून्यावरून २० टक्के केले आणि मे २०२५च्या अखेरीस १० वर आणले. पहिला निर्णय सोयाबीनवाल्यासाठी, दुसरा त्याच्याच घरातल्या फोडणीसाठी.

पोलादावर कारखान्यातल्या माणसाला बोलू द्यावे. तो पाळीवर जायचा असतो, त्यामुळे थोडक्यात आटोपतो.

म्हातारी मंडळी डंकेल काढतात. त्यांच्यापासून सावध. जागतिक व्यापार कराराच्या १९९१च्या डंकेल मसुद्याला देशभर शिव्या पडत असताना शेतकरी संघटनेचे शरद जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले. शेतकऱ्याला मिळते ती सबसिडी मुळात उणे आहे, सरकार त्याचा भाव पाडूनच घेते, हे त्यांचे म्हणणे. त्या करारातून जागतिक व्यापार संघटना १९९५मध्ये सुरू झाली, तरी या मुद्द्याला आवाज चढवून उत्तर देता आलेले नाही. म्हणून ‘काका, तो जमाना गेला’ म्हणावे आणि चीनकडे वळावे. चीनबद्दल सगळ्यांचे एकमत असते.

व्यापाऱ्याशी मात्र वाद घालू नये. भाव पाडायला त्याला ढाक्याचे कारण पुरते. ढाक्याने शुल्क उतरवलेच तर ‘यंदा माल जास्त हाय, भाऊ’ हे तयार असते. बागेचा सौदा ठरून इसार हातात पडेपर्यंत भूराजकारण बंद ठेवावे. नंतर हवे तेवढे, त्याच्याच पैशाच्या चहावर.