पन्नाशीतला उमेदवार

पन्नाशीनंतर पिंपरी-चिंचवडमध्ये नव्याने नोकरी मिळत नाही, हे साफ खोटं आहे. बजाजच्या चेतकला मिळाली. जन्म १९७२ चा. आकुर्डीच्या कारखान्यातलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं, कामगारांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद आले. आणि जून २०२२ मध्ये, ऐन पन्नाशीत, चेतक त्याच आकुर्डीत विजेची होऊन पुन्हा रुजू! ना बायोडेटा, ना मेडिकल.

माणसाला जरा अवघड जातं. चाकणला खांबाखांबावर चिकटवलेलं वाचा: आयटीआय फिटर पाहिजेत, वय १८ ते २८, बस व कँटीन मोफत. तीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला गडी नुसत्या आवाजावरून सांगतो, स्पिंडलचं बेअरिंग जायला आलंय. ऑनलाइन अर्जात त्याला रकाना नाही. मुलाखत घेणारा त्याच्या पोराच्या वयाचा. ‘बसा ना काका,’ म्हणतो आणि लगेच विचारतो, ‘पुढच्या पाच वर्षांत स्वतःला कुठे पाहता?’ काकांचं वय त्रेपन्न. ईपीएसची पेन्शन अठ्ठावन्नला. खरं उत्तर ‘पीएफ ऑफिसच्या रांगेत’ असंच आहे, पण ते द्यायचं नसतं.

‘अनुभव फार आहे हो तुमचा. कळवतो.’

मग भेटतो ठेकेदार. त्याला वयाचं वावडं नाही, फक्त पगाराचं आहे. हुद्दा हेल्पर, हजेरी रोजची, बूट स्वतःचे. रात्री अडीचला मशीन अडली की मात्र सुपरवायझर धावत येतो, ‘काका, जरा बघता का?’