शॉकअप प्रकरण

सकाळी फिरून परतणारा एखादा सभ्य पेन्शनर गृहस्थ आपल्या मोटारीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकून सारा भार तिच्यावर घालतो, एकाएकी हात काढून घेतो, आणि मान किंचित कलती करून गाडी किती वेळा वरखाली होते हे नाडी पाहणाऱ्या वैद्याच्या गांभीर्याने मोजू लागतो, तेव्हा त्याच्या घरच्या मंडळींनी पुढचे काही रविवार हातचे गेले असे खुशाल समजावे. आमच्या सोसायटीतील भाऊसाहेबांच्या घरी ही घटका गेल्या दिवाळीनंतर आली. शॉकअप शाबूत असला म्हणजे गाडी एकदा वर येऊन जागच्या जागी स्थिरावते. भाऊसाहेबांची वृद्ध मारुती ८०० तीन हेलकावे खाऊन चौथ्याच्या विचारात उभी राहिली.

भाऊसाहेब महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. ज्याने उभी हयात दुसऱ्यांच्या कागदांतील चुका काढण्यात घालवली, त्याला गॅरेजवाल्याचे अंदाजपत्रक हे आपल्यापुढे छाननीसाठी दाखल झालेले प्रकरण वाटावे हे स्वाभाविकच आहे. त्यांनी तोंडी आकडा लेखी मागवला, लेखी आल्यावर ‘मजुरी’ या सदरापुढे लाल पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले, आणि सगळा मामला स्वतःच्या अखत्यारीत घेतला. पुढे रिंग पाने, टॉमी, गाडी टेकवायच्या दोन घोड्या आणि स्प्रिंग दाबण्याचे आकडे अशी जी खरेदी झाली, तिची बेरीज त्या मजुरीच्या बरीच वर गेली असे वहिनी म्हणतात. परंतु तो हिशेब वहिनींच्या दप्तरी आहे, भाऊसाहेबांच्या नव्हे.

या जातीच्या माणसांना काम येण्याआधी कामाचे तत्त्वज्ञान येते. “शॉकअप हे नावच मुळी गैरलागू आहे,” असे त्यांनी मला जिन्यात अडवून सांगितले. धक्का सोसते ती स्प्रिंग. मात्र सोसलेला धक्का व्याजासह परत करण्याची तिला खोड असते, आणि ती वसुली थोपवण्यासाठी शेजारी तेलाने भरलेली एक नळी नेमलेली असते, जिच्यातील दट्ट्या सरकताना तेलाला बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते व हेलकाव्याची सारी मस्ती उष्णतेच्या रूपाने जिरते. टांग्याला ही नळी नव्हती. त्याच्या कमानीचे पाटे एकमेकांवर घासत, तेवढीच त्याची जिरवाजिरव. पुढे मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात गुंफले, १९५० च्या सुमारास फोर्डच्या गाड्यांत ही रचना आली, आणि तेव्हापासून एकाला सोडवायचे तर दुसऱ्याला हात लावणे भाग पडू लागले. हे व्याख्यान, मागाहून कळले, दूधवाल्यापुढे आणि पोस्टमनपुढेही झाले होते.

पहिल्या रविवारी सकाळी सातला कामास प्रारंभ झाला. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, हे ज्ञान गाडी अधांतरी झाल्यावर आणि पाना लावताच चाकच गरगरा फिरू लागल्यावर प्राप्त झाले. गाडी पुन्हा खाली आली. निघालेला प्रत्येक बोल्ट क्रमांक घालून स्वतंत्र लिफाफ्यात गेला, त्याच्या आट्यांच्या स्थितीची वहीत नोंद झाली, आणि खालचा एक बोल्ट गंजून असा बसला होता की त्याला रॉकेल पाजून काम दुपारी चारपर्यंत तहकूब ठेवावे लागले. चारनंतर तो हातोड्याच्या तिसऱ्या घावाला निघाला, तेव्हा भाऊसाहेबांनी त्याच्याकडे, जुन्या थकबाकीदाराने आपण होऊन कचेरीत येऊन भरणा करावा, तशा कृतज्ञ दृष्टीने पाहिले.

खांब बाहेर आला, आणि भाऊसाहेबांनी त्याच्या माथ्यावरील मधल्या नटाला पाना लावला. इतक्यात कोपऱ्यावरच्या गॅरेजातला, चहाची किटली घेऊन चाललेला एक पोऱ्या थबकला आणि म्हणाला, “काका, तो आत्ताच नका सोडू. स्प्रिंग डोक्यात जाईल.” “पुस्तकात आहे ते,” असे भाऊसाहेब उत्तरले खरे, पण पाना खाली ठेवून ते स्टुलासकट दोन हात मागे सरकले. त्या वेटोळ्यात सहा-साडेसहाशे किलोच्या गाडीचा एका कोपऱ्याचा भार उचलून धरण्याची ताकद कोंडलेली असते, आणि तो नट म्हणजे तिच्या कोठडीची कडी. आधी समोरासमोर दोन आकडे लावून, दोन फेरे इकडे आणि दोन फेरे तिकडे असे समन्यायाने आवळत तिला नमवावे लागते. हे होईपर्यंत भाऊसाहेबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत जमावबंदी पुकारली होती. वहिनींनी चहा काठीच्या टोकाला पिशवी अडकवून पोहोचवला, आणि यात विनोद कोणता हे भाऊसाहेबांना अखेरपर्यंत कळले नाही.

हे सामान जोडीने बदलावे असा शास्त्रार्थ आहे. भाऊसाहेबांनी एका रविवारी एकच बाजू निकालात काढल्यामुळे आठ दिवस गाडी एक भुवई उंचावून उभी होती, आणि तशीच तिरपी मंडईत जाऊन भाजी आणत होती. दुसरी बाजू अडीच तासांत झाली. तिच्याविषयी सांगण्यासारखे काही नाही, आणि याचेच भाऊसाहेबांना थोडे वाईट वाटले असावे. चाकांचे कोन लावण्यास यंत्र लागते, म्हणून शेवटी गॅरेजात जावेच लागले. तिथे ते लिफाफ्यांची फाईल मांडीवर घेऊन, वरच्या कचेरीतून आलेल्या तपासनिसासारखे बसले.

आता ते खड्डे चुकवीत नाहीत, शोधतात. सोसायटीतील बहुतेकांना गतिरोधकांवरून फिरवून झाले आहे. प्रत्येक गतिरोधकानंतर “जाणवला का?” असे ते विचारतात, आणि “काय?” असा प्रतिप्रश्न करणे हेच याचे मान्य उत्तर आहे. मी एकदा चुकून “थोडासा” म्हणालो, तर गाडी वळवून तोच गतिरोधक मला पुन्हा दाखवण्यात आला.

काल सकाळी दात घासत गॅलरीत उभा असताना खाली ओळखीची पाठ दिसली. भाऊसाहेब माझ्या गाडीच्या बॉनेटवर दोन्ही हात टेकून ओणवे झाले होते. त्यांनी हात काढले, मान कलती केली, आणि वर न पाहता, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा स्वरात, मोजायला सुरुवात केली.