आमच्या गावचे बंबईवाले

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्या सोनाळ्यात दोन तयाऱ्या सुरू होतात. एक पेरणीची, दुसरी बंबईवाल्यांच्या प्रस्थानाची. वखरणी झालेली असते, लग्नं उरकलेली असतात, बियाण्याचे पैसे अजून जमायचे असतात आणि पारा पंचेचाळीसवर जाऊन बसलेला असतो. अशा वेळी शहाणा माणूस निंबाच्या सावलीत पडून राहतो. बंबईवाले मुंबईला जातात. "मिरगाच्या आंधी वापस येतो," असं पानठेल्यापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळीकडे सांगून जातात, म्हणजे कोणाला काळजी नको.

त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर आहे, ते तिथंच राहू द्या. वऱ्हाडात गावोगावी असा एकेक बंबईवाला सापडेल. पन्नाशी उलटलेली, चार-दोन एकर कोरडवाहू, आणि मुंबईत एक भाचा, हे या जातीचं किमान भांडवल. भाचा राहतो डोंबिवलीला. पण सोनाळ्यातून पाहिलं तर डोंबिवली आणि कुलाबा यांत अंतर ते काय!

शेगावहून रात्रीची विदर्भ एक्सप्रेस. डोंबिवलीसाठी कल्याणला उतरणं सोयीचं, हे भाचा दरवर्षी फोनवर समजावतो. बंबईवाल्यांचा जबाबही ठरलेला. "तिकीट मुंबईचं काढलं ना बावा, मंग आंधीच कायले उतरू?" ते थेट शिवाजी टर्मिनसला उतरतात, घुमटाकडे मान वर करून एकदा पाहतात, आणि आलेल्याच वाटेनं लोकलमध्ये लोंबकळत डोंबिवलीला परत येतात. सोबत बिबड्या, कुरड्या, तुरीची डाळ आणि लोणच्याची बरणी. बरणी सांभाळून लोकलमध्ये चढलेल्या माणसाला जगात कशाची भीती राहत नाही.

पण पहिल्याच दुपारी मुंबई त्यांना चीत करते. पंचेचाळीस अंशांत डोक्याला दुपट्टा बांधून शेतात फिरणारा हा माणूस चौतीस अंशांत पलंगावर आडवा होतो. घाम येतो आणि वाळतच नाही. वऱ्हाडचं ऊन भाजतं, पण घाम अंगावर ठरू देत नाही. मुंबईची हवा पाण्यानं आधीच गच्च, ती तुमचा घाम कुठं ठेवणार? हे शास्त्र बंबईवाल्यांना मान्य नाही. त्यांचं निदान एकच, "तुमच्या इकडं कूलर नाही ना, म्हणून." इथल्या दमट हवेत कूलर लावला तर खोलीचं न्हाणीघर होईल, असं भाचेसून सांगते. तरी जाताना ते खिडकीचं माप घेऊनच जातात, कूलर पाठवतो म्हणून. एका वर्षी खरंच पाठवला. तो आता कांदे-बटाटे ठेवायच्या कामी येतो.

संध्याकाळी समुद्र. चौपाटीवर गेल्यावर इतर लोक लाटांशी खेळतात. बंबईवाले पाय भिजवतात, ओंजळीत पाणी घेतात, जिभेला लावतात आणि थुंकून म्हणतात, "हे तं आपल्या पूर्णाकाठच्या बोअरचं पाणी हाय." ही नुसती बढाई नाही. आमच्या डोंगरपायथ्यापासून खाली पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा लागतो, अमरावती-अकोल्यापासून बुलडाण्यापर्यंत पसरलेला. जमिनीखालचं पाणी खारट, ना पिकाला चालतं ना पोटाला. त्या गावांतल्या माणसाला समुद्राचं कौतुक किती वाटणार? शिवाय वान नदीवरच्या आमच्या धरणाचं नाव हनुमान सागर. "सागर आमच्याकडंही हाय, अन् तो गोडा हाय," एवढं ऐकवल्याशिवाय ते भेळ खात नाहीत.

गेटवे ऑफ इंडियावर त्यांचा विशेष जीव. पंचम जॉर्ज उतरला 1911 साली, तेव्हा म्हणे पुठ्ठ्याची कमान उभी केली होती; दगडी कमान पुरी झाली 1924 साली. भाच्यानं एकदा हे सांगितलं, तेव्हापासून ते येणाऱ्याजाणाऱ्या पर्यटकांना थांबवून सांगतात, "पाव्हणा जाऊन तेरा वर्सं झाले, अन् मंग मांडव टाकला. तरी आपल्या इकडच्या सरकारी कामापक्षा बरं, टाकला तं खरा!"

देवाधर्माच्या बाबतीत मात्र माणूस सरळ. हाजी अलीला भरतीच्या वेळी वाट पाण्याखाली जाते म्हणून ओहोटीची तासभर वाट पाहतील, पण डोकं टेकवल्याशिवाय परतणार नाहीत. बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाला सगळ्या धर्मांची गर्दी. बाहेर मेणाचे हात, पाय, घर, बाळ विकायला असतात, ज्याचा जो नवस त्यानं ते वाहायचं. बंबईवाल्यांनी मेणाचं कपाशीचं बोंड मागितलं. विकणारी बाई गोंधळली. शेवटी त्यांनी मेणाचं घर घेतलं आणि येशूला समजावून सांगितलं, "घर हायेच, बाप्पा. हे बोंड समजजो, अन् भाव तेवढा पाह्यजो."

खरी मुंबई सुरू होते ती परत आल्यावर. शेगावहून येणारी एसटी सोनाळ्यात थांबायच्या आतच ते उडी मारतात, लोकलची सवय म्हणून. चहावाल्याकडे 'कटिंग' मागतात. तो अर्धा कप देतो आणि पैसे पुऱ्याचे घेतो. पेरणी, डवरणी, वेचणी, काही चालू असो, बोलणं "मुंबईत ना" पासूनच निघतं. इराण्याच्या हॉटेलातला मस्का-पाव, काळ्या घोड्याजवळचं 1884 सालचं ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, मोहम्मद अली रोडवरची गर्दी, सगळं ऐकून ऐकून आम्हालाही पाठ झालंय. आणि शेवटी हुकमी एक्का, "एका गल्लीत सतरा भाषा, राजा! एकाची दुसऱ्याले समजत नाही. याले म्हंते शहर!"

हे ते सांगतात आठवडी बाजारात, मिठाच्या ढिगाशेजारी उभे राहून. त्याच वेळी सातपुड्यातून उतरलेली माणसं मीठ-मिरची घेत असतात. कोणी कोरकू बोलतं, कोणी भिलाली. कोरकू ही आपल्या मराठी-हिंदीच्या कुळातली नव्हे, तिचे दूरचे सोयरे थेट कंबोडियात निघतात. पलीकडचा मसालेवाला उर्दूत भाव सांगतो, मध्य प्रदेशातून आलेला व्यापारी निमाडीत घासाघीस करतो. बंबईवाले वळून म्हणतात, "सरका बरं बाजूले, बोलू द्या." त्यांचं ऐकायला जमलेले आम्हीही तेवढेच बहिरे, हेही खरं.

त्या गर्दीत कधी कधी निहाली बोलणारी दोन माणसंही असतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या आणि आसपासच्या डोंगरपायथ्याच्या गावांत ही भाषा बोलणारे आता जेमतेम दोन-अडीच हजार उरले आहेत, आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही भाषेशी तिचं नातं अजून कोणाला सिद्ध करता आलेलं नाही.