भावी नेता, तळमजला

दहीहंडीत सगळ्यात वरच्या थरावर जाणाऱ्याचं वजन 35 किलोच्या आत असलेलं बरं. माझं 82 होतं. गोविंदा पथकात नाव घालायला गेलो तेव्हा मामांनी मला खांब पारखावा तसं पारखलं आणि म्हणाले, "पाया." एवढीच माझी मुलाखत. मामा म्हणजे अख्ख्या चाळीचे मामा, आणि पथकाचा शेवटचा शब्द.

कॉलेजात मी "आम्ही सात थर लावतो" असं सांगत असे. त्यात खोटं काहीच नव्हतं. तू कितव्या थराला, असं कुणी विचारलं की मी विषय अर्थशास्त्राकडे वळवायचो.

पायातल्या माणसाचं तोंड आत असतं, हात शेजाऱ्यांच्या खांद्यांत गुंतलेले आणि मान खाली. ज्या हंडीसाठी एवढा खटाटोप, ती त्याला दिसत नाही. त्याला दिसतात पोटऱ्या, कुणाची तरी सुटलेली नाडी आणि समोरच्याच्या नाकाच्या शेंड्यावर लोंबकळणारा घामाचा थेंब. 2012 साली जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने ठाण्यात नऊ थर रचून 43.79 फुटांचा जागतिक विक्रम केला. त्याची चित्रफीत मी थांबवून थांबवून पाहिली आहे, खालच्या थरातला एक तरी चेहरा ओळखू येतो का म्हणून. येत नाही. तिथे नुसती गर्दी दिसते.

श्रद्धेचं म्हणाल तर कॉलेजात असताना मी नास्तिक होतो. एस. वाय. बी. कॉम.ला बरेच जण असतात. गुरुपौर्णिमेला नारळ वाढवून सराव सुरू झाला तेव्हा सगळ्यांनी मारुतीपुढे हात जोडले. मी माझे हात नुसते एकमेकांजवळ आणले, मधे तत्त्वापुरती फट ठेवून. पण तिसरा थर चढायला लागला आणि कुणाची तरी टाच माझ्या खांद्याच्या हाडावर गर्रकन फिरली, की "बजरंग बली की जय" सगळ्यांच्या आधी माझ्याच तोंडून निघायचं. मामा म्हणायचे, "याचा नास्तिकपणा दोन थरांपर्यंत टिकतो."

आता टी-शर्टबद्दल. हा विषय मी आवरता घेणार नाही, कारण माझं सगळं सार्वजनिक जीवन त्यातून निघालं आहे.

साल 2022. करोनाची दोन वर्षं कोरडी गेलेली, त्यामुळे पोरं नुसती फुरफुरत होती. पण जूनमध्ये पक्ष फुटला आणि आमच्या विभागातले दोन पुढारी, जे तोवर प्रत्येक फलकावर खांद्याला खांदा लावून हसत होते, दोन गटांत गेले. दोघांनीही पथकाला टी-शर्ट देऊ केले. दोघांचीही अट एकच : छातीवर फोटो माझा. बैठक रात्री उशिरापर्यंत चालली. एक म्हणाला, सकाळी एकाचे घालू, दुपारी दुसऱ्याचे. दुसरा म्हणाला, दुपारपर्यंत आपण इतके भिजलेले असतो की कुणाचा चेहरा कुणाला ओळखू येणार? तिसऱ्याने दोघांचा अर्धा अर्धा चेहरा जोडून छापायची सूचना केली. त्याला पाणी आणायला पाठवलं.

तेव्हा मी उठलो. म्हटलं, थर लावल्यावर आपली तोंडं कुठे असतात? आत. मग जगाला काय दिसतं? पाठ. म्हणजे मोक्याची जागा पाठ! दुसऱ्या दिवशी मी एका पुढाऱ्याला एकांतात हेच गणित समजावलं, "साहेब, कॅमेऱ्यासमोर फक्त तुम्ही." दुसऱ्याला जाऊन सांगितलं, "साहेब, तुम्ही काळजाजवळ." दोघंही गहिवरले. एका बाहीवर सराफ आला, दुसऱ्या बाहीवर बिल्डर आणि पथकाचं नाव मानेपाशी, धुण्याच्या सूचनांच्या शेजारी. त्या रात्री मी पथकाचा सेक्रेटरी झालो. अंगावर दोन शत्रू पाठीला पोट लावून वागवणारे आम्ही त्या दिवशी मुंबईतले बहुधा एकमेव सर्वपक्षीय नागरिक असू.

सणानंतर आईने माझ्या टी-शर्टचं फडकं केलं. पाठीवरचे साहेब 'भावी नगरसेवक' होते. मुंबई महापालिकेची मुदत त्याच मार्चमध्ये संपली होती आणि निवडणूक वर्षानुवर्षं लांबत गेली, त्यामुळे ते भावीच राहिले. आमच्या फरशीवरून मात्र रोज सकाळी फिरायचे. प्रभागात इतके नियमित ते पुढेही फिरतील असं वाटत नाही.

सेक्रेटरी म्हणजे भाषण, असा माझा समज. मी आरशासमोर तयारीही केली होती. प्रत्यक्षात वाट्याला आलं ते मोबाइल आणि चपला सांभाळणं, हेल्मेटं मोजणं आणि वयाचे दाखले बघणं. 2014 साली उच्च न्यायालयाने उंची 20 फुटांवर आणि वय 18 वर अडवलं होतं. 2017 मध्ये उंचीची अट गेली आणि वयाची मर्यादा 14 वर आली. त्यामुळे तेरा वर्षांची पोरं माझ्यासमोर टाचा उंचावून उभी राहायची. दाखल्यात टाचांचा रकाना नसतो, हे त्यांना पटता पटत नसे.

आणि विम्याचे अर्ज. त्यात वारसाचं नाव लिहायचं असतं. एरवी चाळ डोक्यावर घेणारी पोरं त्या ओळीवर आली की गप्प व्हायची. मग सगळे एकच लिहायचे : आई. एकाला आई नव्हती. त्याने पेनचं टोपण बराच वेळ चावलं आणि 'मामा' लिहिलं. मी म्हटलं, पूर्ण नाव लागेल. तेव्हा लक्षात आलं, मामांचं पूर्ण नाव आमच्यातल्या एकालाही ठाऊक नाही. विचारायला गेलो तर त्यांनी ते ओरडूनच सांगितलं, आणि वर, "चला, सराव काय तुमचा बाप करणार?"

सणाच्या आदल्या दिवशी विधानसभेत घोषणा झाली : दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा. नोकरीत खेळाडूंसाठीच्या 5 टक्के आरक्षणात गोविंदांना जागा, ज्यावर स्पर्धा परीक्षांची पोरं भडकली. मृत्यू झाल्यास 10 लाख, दोन अवयव गेल्यास साडेसात लाख, एक हात किंवा पाय गेल्यास 5 लाख. सकाळी आईने ते पेपरात वाचलं. म्हणाली, "एका पायाचे पाच लाख? तुझ्या? ज्याला चप्पल जागेवर काढता येत नाही?" मग पेपर घडी करून फळीवर इतक्या वर टाकला की तिचा स्वतःचाही हात पोचू नये. तिचा अष्टमीचा उपास आदल्याच दिवशी झाला होता. त्या दिवशीही ती दुपारपर्यंत जेवली नाही, हे मला नंतर शेजारच्या काकूंकडून कळलं.

दुपारी एका मोठ्या मैदानात आम्ही सात लावले. व्यासपीठावरचा माइकवाला पेटला, "आणखी एक! आठ लावा, रक्कम दुप्पट!" ही जमात मला कळत नाही. अंगावर कडक इस्त्रीचा सदरा, हातात थंड पाण्याची बाटली, आणि धोका पत्करण्याचं आवाहन दुसऱ्याच्या पोरांना. वरून पडलेल्यांचे आकडे दुसऱ्या दिवशी छापून येतात, बक्षिसांच्या आकड्यांच्या खाली. ते वाचून दाखवायला माइकवाला नसतो.

तिसऱ्या थरात कुणाचा तरी गुडघा थरथरायला लागला होता. ते मला दिसलं नाही, खांद्यात कळलं. बाहेर उभ्या मामांना मात्र दिसलं. ते ओरडले, "उतरा!" माइकवाला हसला, "घाबरले, घाबरले!" गर्दीने शिट्ट्या मारल्या. माझ्यातला सेक्रेटरी संतापला. माझा खांदा मात्र मामांशी पूर्ण सहमत होता. एकेक जण उतरला, वरून खाली, शिस्तीत. दुप्पट रक्कम गेली. मामांनी तंबाखू मळली आणि विचारलं, "पुढची हंडी कुठे?"

आता मामांचे गुडघे बोलतात, म्हणून बाहेर मी उभा राहतो. वजन आणखी वाढलंय आणि मारुतीपुढे हातांमधली फट पूर्ण बुजली आहे. हजारो लोक 'चढा' म्हणत असताना एकट्याने 'उतरा' म्हणणं हे पुढारीपण मला आरशासमोर सुचलं नव्हतं. मोठी अडचण वेगळीच आहे. मी ओरडलो की सगळे फोटोवाले कॅमेरे खाली करतात. उतरणाऱ्या थरांचा फोटो कुणालाच नको असतो. म्हणून यंदा मी पथकातल्या एकाला कामाला लावलंय. त्याला बजावून ठेवलंय : मी ओरडताना घे, आणि डावीकडून घे. त्या बाजूने मी जरा नेता दिसतो.