कृष्णामाईस, येण्याआधी कळवावे

तीर्थस्वरूप कृष्णामाईस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पावसाळा तोंडावर आला. नालेसफाई पूर्ण झाल्याची बातमी दरवर्षीप्रमाणे छापून आली आहे आणि नाल्यातला गाळ दरवर्षीप्रमाणे नाल्याच्याच काठावर पहिल्या सरीची वाट बघत पडला आहे. म्हणजे तयारी झाली. राहिलं फक्त तुझं येणं. यंदा कधी आणि किती, हे तू सांगत नाहीस. म्हणून सांगलीच्या गावभागात एकटी राहणारी मी, निवृत्त शिक्षिका, वय वर्षं चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे अजून मूळचेच, तुला हे पत्र लिहिते आहे. उघडं लिहिते आहे, कारण बंद पाकिटं हल्ली कुणी फोडत नाही.

पहिली विनंती वेळेची. सरकारी कचेऱ्यांना आता पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा शनिवार-रविवार सोडून ये. रात्री तर नकोच. तुझी कोकणातली बहीण वाशिष्ठी २०२१ च्या जुलैत रात्रीतूनच चिपळुणात शिरली. लोक उठून दिवा लावेपर्यंत पाणी घरात. तुझं तसं नाही. कोयनेचे दरवाजे उघडले की ते पाणी कराडला प्रीतिसंगमावर तुला मिळतं आणि मग तू इथवर येतेस, त्याला तासांमागून तास जातात. खाली हरिपुरात वारणा येऊन भिडते. त्याच्याही खाली कर्नाटकातलं अलमट्टी धरण आहे, आणि त्याच्यापायी तू किती तुंबतेस यावर दोन राज्यं दर पावसाळ्यात भांडतात. त्या भांडणात मी पडत नाही. माझं म्हणणं एवढंच, की तू पायरीपायरीनं, आयर्विन पुलावर स्वतःची उंची मोजून घेत येतेस. एवढी सवड देणारी पाहुणी दुसरी नाही. तरी दर वेळी ‘पाणी अचानक वाढलं’ असं म्हणणारं कुणीतरी भेटतंच.

तुझ्या उंचीचंही एकदा बोलायचं होतं. आयर्विनशी ४० फूट झाले की इशारा, ४५ झाले की धोका. रिक्षावर भोंगा लावून पोरगं पुकारत जातं, ‘पाणीपातळी एक्केचाळीस फूट, नागरिकांनी सतर्क राहावे.’ सतर्क मी आहेच. या वयात झोपच नसते, त्यामुळं बारा महिने सतर्क असते. पण माझ्या उंबऱ्याचे फूट किती? सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉटातल्या माणसांना हे गणित तोंडपाठ आहे, कारण तू आधी त्यांच्याकडे जातेस. आम्ही जरा उंचावरचे लोक पुलावर तुला बघायला येतो, फोटो काढतो. बायका तुझी ओटी भरतात. ओटी भरून घरी परतेपर्यंत गल्लीच्या तोंडाशी पाणी आलेलं असतं, आणि मग ‘आता काय करायचं’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो.

इशारे आता फोनवरही येतात. २०२३ साली एके दिवशी सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले, ती सरकारची चाचणी होती. यंत्रणा चांगली आहे, उगाच नावं ठेवणार नाही. पण आमच्या समोरच्या निवृत्त तलाठ्यांनी फोन बिघडला असं समजून तो बंद केला आणि मुलगा येईपर्यंत कपाटात ठेवून दिला. शिवाय तू आलीस की आधी वीज जाते, शॉक लागू नये म्हणून ती तोडावीच लागते. दुसऱ्या दिवशी फोन थंड, तिसऱ्या दिवशी श्रवणयंत्राची बॅटरी थंड. त्यानंतर सरकारनं कितीही किंचाळावं.

गेल्या वर्षी मैदानावर आपत्तीची रंगीत तालीम झाली. तिचा वृत्तान्त तुला कळायलाच हवा, कारण तुझी भूमिका त्यात कुणीच केली नव्हती. मैदान कोरडं ठणठणीत. रबरी बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. केशरी जॅकेट घातलेले जवान चपळ नि कामाचे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्हा ज्येष्ठांना पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्च्या आणि द्रोणातून उपमा. ‘पुरात अडकलेली वृद्ध महिला’ म्हणून स्ट्रेचरवर एनसीसीचा मुलगा झोपवला होता. अंगावर शाल, पायात बूट. उचलल्याबरोबर त्याला हसू फुटलं. मी उठून साहेबांजवळ गेले आणि म्हटलं, मी खरीखुरी आहे, मला उचलून दाखवा. साहेब म्हणाले, ‘आजी, तुमचं नंतर बघू.’

खरं शिकायचं ते तिथंच राहून गेलं. रबरी बोटीत शिरताना फुगीर काठावरून पाय पलीकडं टाकावा लागतो. बोट हलत असते आणि धरायला दोरीशिवाय काही नसतं. ज्या बाईला गेली कित्येक वर्षं पलंगावरून उतरताना भिंत धरावी लागते, तिला हे कोण आणि कसं करवणार? पायाखाली स्टूल ठेवायचं की खुर्चीसकट उचलायचं? तिची कवळी, चष्मा, काठी आणि गोळ्यांची पिशवी कोण घेणार? बोटीतल्या पोराला यातलं एकही उत्तर ठाऊक नसतं, कारण त्यानं आजवर उचललाय तो दुसरा पोरगा.

आता मुलांविषयी. माझा मुलगा पुण्यात, शेजारणीचा न्यू जर्सीत. दोघंही फार मायेनं फोन करतात. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात दोघांनी सांगितलेला उपायही एकच होता, ‘आई, तू फक्त वरच्या मजल्यावर जा.’ वरचा मजला म्हणजे काय, हे तो न चढणाऱ्याला कळत नाही. वीज गेली की मोटार बंद, मोटार बंद की टाकी रिकामी, टाकी रिकामी की संडासात ओतायला पाणी नाही. खिडकीतून बघावं तिकडं तूच तू, आणि प्यायला घोट नाही. त्यात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीशी पाण्याखाली गेलेला, दिवसचे दिवस बंद. इकडचेही रस्ते एकेक करून तुटलेले. मुलगा पुण्यात असो की न्यू जर्सीत, त्या आठवड्यात अंतर सारखंच होतं.

आणि आम्ही म्हातारेही काही साधे नाही, बरं का. २०१९ ला तू ५७ फुटांच्या वर गेलीस. तरी कितीतरी जण घर सोडायला तयार नव्हते, कारण २००५ ला तू त्यांच्या पायरीला लागून परत फिरली होतीस. लोकांनी तेव्हा भिंतीवर तांबड्या ऑइलपेंटनं रेघ मारून साल लिहिलं होतं आणि ती जणू कायद्यानं आखलेली हद्द, अशा थाटात तिच्याकडं बोट दाखवलं जात होतं. घर सोडलं तर देवाची पूजा राहील, चोर येतील, मांजर उपाशी मरेल. खरं कारण मात्र मोठ्यानं कुणी बोलत नाही. ते मी बोलते. निवारा केंद्र म्हणजे शाळा. शाळा माझ्या ओळखीची आहे. झोपायचं वर्गात सतरंजीवर, आणि एकदा खाली बसलेली बाई दोघांनी धरल्याशिवाय उठत नाही. संडास मैदानाच्या टोकाला, बैठे, कडी मोडकी, उंचीही इयत्ता चौथीच्या हिशेबाची. रात्री चार वेळा उठावं लागणारं माणूस तिथं जाण्यापेक्षा तुझ्या पाण्यात बसणं पत्करतं. दोन कमोडच्या खुर्च्या आणि चार खाटा आणून ठेवल्या, तर निम्मा हट्ट तिथल्या तिथं संपेल.

एका ठिकाणी मात्र मला थट्टा सुचत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गाव सोडून निघालेल्यांची बोट उलटली आणि दहाहून जास्त माणसं गेली. बोटीत झेपतील त्याहून जास्त माणसं होती. सगळे शेवटच्या घटकेला एकदम निघाले की असंच होणार. ज्यांना चालवत नाही त्यांना पाणी गुडघ्याला लागण्याआधी, रस्त्यावरून, रिक्षात बसवून हलवता येतं. त्यासाठी बोटही लागत नाही. लागतं ते एवढंच, की ते कोण आणि कुठं आहेत हे कुणालातरी आधी माहीत असायला हवं.

आणि गंमत अशी, की हे कागदावर कधीच ठरलंय. ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला, महाराष्ट्रानं २०१० साली त्याचे नियम केले. पोलीस ठाण्यानं आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवायची आणि महिन्यातून एकदा तरी कुणीतरी त्यांच्याकडं डोकावायचं, असं त्यात आहे. माझ्याकडं मध्यंतरी एक मुलगी फॉर्म घेऊन आली होती, कुठल्या खात्याची ते तिलाही नीट सांगता येईना. घरातील एकूण व्यक्ती, एक. कुटुंबप्रमुखाचे नाव, माझंच. कुटुंबप्रमुखाशी नाते? तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. शेवटी ‘स्वतः’ असं लिहिलं. जिना उतरता येतो का, रात्री कानाला ऐकू येतं का, इन्सुलिन घेता का, दाराची दुसरी किल्ली कुणाकडं असते, यासाठी रकानाच नव्हता. पण जात, धर्म आणि पिवळी शिधापत्रिका की केशरी, हे मात्र तिला हवं होतं.

म्हणून आम्ही गल्लीतच एक वही घातली आहे. शाळेची, दुरेघी. तुझ्यासाठी म्हणून सांगते, तिच्यात आमच्या गल्लीपुरती तुझी उंचीही लिहिली आहे. २०१९ आणि २०२१ ला पाणी कोणत्या दाराशी आलं तेव्हा आयर्विनला किती फूट होते, हे जुन्या लोकांना विचारून आणि जुन्या वर्तमानपत्रांतून काढलं. आता भोंगा आकडा पुकारतो तेव्हा तो आमच्या दारापर्यंत पोचतो. घरटी एकट्या माणसाचं नाव, आणि त्यापुढं दार वाजवायला जाणाऱ्याचं नाव. माझ्या नावापुढं दूधवाला आहे. तो पहाटे येतोच, त्याला ओळखपत्र लागत नाही. माझी दुसरी किल्ली त्याच्याकडं असते, हे ऐकून मुलगा फोनवर बराच वेळ गप्प होता. औषधाच्या दुकानातल्या पोरानं प्रत्येकाच्या चिठ्ठीची झेरॉक्स ठेवली आहे आणि जूनमध्येच पुढच्या महिन्याच्या गोळ्या आणून देतो. पेन्शनची कागदपत्रं, पासबुक आणि आधार एका पिशवीत, आणि ती पिशवी दाराच्या खिळ्याला. तलाठी मात्र अजून वहीत नाव घालू देत नाहीत. ते एकटे राहत नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे, मांजर आहे ना.

तेव्हा माई, ये. तुला कोण अडवणार? फक्त ४० च्या पुढं जाण्याआधी दूधवाल्याची फेरी पूर्ण होऊ दे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
गावभागातली एक बाई

ता. क. हे पत्र उघडं असल्यामुळं वाटेत माणसांनीही वाचायला हरकत नाही. आपल्या गल्लीत, आपल्या इमारतीत एकटं कोण राहतं, त्यांना जिना उतरता येतो का आणि त्यांची दुसरी किल्ली कुणाकडं असते, हे आज संध्याकाळी जाऊन विचारा. जिल्हा आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आणि ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७. दोन्ही मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या भिंतीवर चिकटवून या. चष्मा वाहून गेला तरी वाचता येतील एवढ्या मोठ्या.