स्लायगो रोव्हर्सचा हेड कॅशियर

जिंकणाऱ्याच्या बाजूने असणं हा माझा जुना शिरस्ता आहे. लोक याला संधिसाधूपणा म्हणतात, मी व्यवहार म्हणतो. १९८३ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर व्हिव्ह रिचर्ड्स आपल्या गोलंदाजांना झोडपत होता, तोवर मी मनाने वेस्ट इंडीजचा होतो. मदनलालच्या चेंडूवर कपिलदेव मागे धावत सुटला, झेल त्याच्या हातात बसला आणि मी भारताचा झालो. बदली इतकी झटपट झाली, की शेजारी बसलेल्या मेहुण्यालाही पत्ता लागला नाही. नोकरीतही तेच. सांगलीतल्या एका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो, तेव्हा एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन्ही युनियननी मला हार घातले आणि दोन्हीकडच्या भाषणांत मी ‘आपला माणूस’ निघालो.

अशा माणसाची गाठ पडली ती स्लायगो रोव्हर्सशी.

स्लायगो हे आयर्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं वीसेक हजार वस्तीचं गाव. मुलगी तिथे इस्पितळात डॉक्टर आहे, म्हणून आम्ही दोघं तिच्याकडे राहायला गेलो. गावाबाहेर बेनबुल्बेन नावाचा सपाट डोक्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी ड्रमक्लिफला कवी डब्ल्यू. बी. येट्स यांची कबर, आणि या दोन्हींवर पाऊस. निघण्यापूर्वी मी एक माहिती पाठ करून ठेवली होती : आपल्या बडनेऱ्यात जन्मलेले श्री पुरोहित स्वामी आणि हे येट्स यांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदं इंग्रजीत आणली आणि ते पुस्तक १९३७ साली निघालं. परक्या गावात जाताना हातात असं एखादं हुकमाचं पान असावं. शेजारच्या घरातले गृहस्थ कुंपणापाशी भेटले, हवामानाचं बोलून झालं आणि मी ते पान टाकलं.

“१९३७?” त्यांचे डोळे चमकले. आता उपनिषदं निघणार, म्हणून मी घसा साफ केला.

“सदतीसला आम्ही लीग जिंकलो,” ते म्हणाले. “पहिल्यांदा. क्लब निघाला अठ्ठावीसला.”

उपनिषदं तिथेच राहिली. पुढे काय विचारायचं ते न सुचून मी विचारलं, “मग दुसऱ्यांदा कधी?”

“सत्त्याहत्तरला.”

“आणि मग?”

“२०१२ ला.”

मी मान डोलावली, पण माझ्यातला हेड कॅशियर हादरला. शतकभराच्या खात्यात जमेच्या बाजूला तीन नोंदी! इथे जिंकणाऱ्याच्या बाजूने राहायचं, तर पुढच्या विजेतेपदापर्यंत माझ्या व्हिसाची मुदतच पुरणार नव्हती.

“पण खरं साल म्हणजे त्र्याऐंशी,” ते हळूच म्हणाले.

मला भरून आलं. सातासमुद्रापार एक आयरिश माणूस आपल्या त्र्याऐंशीची आठवण काढतो!

“कुणाला वाटलंच नव्हतं,” ते म्हणाले.

“कुणालाच नाही!”

“त्याआधी कितीदा तोंडाशी आलेला घास गेला होता.”

हे मला जरा जास्त वाटलं. आधीच्या दोन्ही वर्ल्ड कपमध्ये आपल्या तोंडाशी घास असा आलाच नव्हता. पण आनंदाच्या भरात माणूस वाढवून सांगतो, म्हणून मी सोडून दिलं.

“आणि समोरचे किती तगडे!”

“एकेक सहा फुटी! चेंडू दिसायचा नाही त्यांचा.”

ते किंचित थबकले. “मी तर रडलो त्या दिवशी.”

“मीही,” मी म्हणालो. हे खोटं होतं, पण दोन देशांच्या संबंधांचा प्रश्न होता. आम्ही कुंपणावरून एकमेकांना मिठी मारली. मिठीतच ते पुटपुटले, “डॅलीमाउंट पार्क! हॅरी मॅक्लॉक्लिनचा तो गोल!” आणि त्याच क्षणी माझ्या तोंडून “लॉर्ड्स! कपिलचा तो झेल!” असं बाहेर पडलं.

चौकशीअंती कळलं, की आयर्लंडच्या एफएआय कपच्या फायनलला स्लायगो त्याआधी पाच वेळा जाऊन पाच वेळा हरलं होतं आणि १९८३ च्या एप्रिलमध्ये डब्लिनच्या बोहेमियन्सना २–१ हरवून त्यांनी तो कप पहिल्यांदा उचलला. आमच्या कपाच्या दोन महिने आधी. खुलासा झाला, पण मारलेली मिठी परत घेता येत नाही. “शनिवारी संध्याकाळी तयार राहा,” ते म्हणाले. ज्याच्याबरोबर आपण त्र्याऐंशीला रडलो, त्याला नाही कसं म्हणायचं?

फुटबॉल मला कळत नाही. ऑफसाइड मला तीन जणांनी समजावला आहे, आणि त्या तिघांत नंतर भांडणं झाली. पण पाठांतर माझं चांगलं. शनिवारपर्यंत मी क्लबाचा इतिहास घोटला आणि तो माझ्यासारख्या माणसासाठीच घडला असावा असं वाटू लागलं. एव्हर्टनचा डिक्सी डीन, ज्याने १९२७–२८ च्या एका हंगामात लीगमध्ये ६० गोल केले आणि तो विक्रम इंग्लंडमध्ये अजून कुणी मोडलेला नाही, तो कारकिर्दीच्या उतारावर १९३९ च्या जानेवारीत चक्क स्लायगोकडून खेळायला आला. लीगच्या ७ सामन्यांत १० गोल, त्यातले ५ एकट्या वॉटरफर्डविरुद्ध. त्याच्या जोरावर क्लब कपच्या फायनलला पोहोचला आणि शेलबर्नकडून हरला. डीनला उपविजेत्याचं पदक मिळालं, तेही हॉटेलच्या खोलीतून चोरीला गेलं. ३९ वर्षांनी, १९७८ ला, स्लायगो पुन्हा फायनलला आलं म्हणून डीन सामना बघायला आयर्लंडला आला, तर हॉटेलात त्याच्या खोलीवर एक पाकीट आलं. आत ते पदक! एवढी जुनी थकबाकी नोटीस न पाठवता वसूल झालेली मी बँकेत कधी पाहिली नाही. सामना मात्र स्लायगो तेव्हाही हरलंच.

पुढे २००९ मध्ये याच स्लायगोने शेमस कोलमन नावाचा पोरगा एव्हर्टनला ६० हजार पौंडांत विकला. तो एव्हर्टनचा आणि आयर्लंडचाही कर्णधार झाला. एव्हर्टनचा साठ गोलवाला आला, एव्हर्टनला साठ हजारवाला गेला. नावे आणि जमा बरोबर. शोग्राउंड्स मैदानाच्या दाराशी रांगेत उभं असताना मी हा ताळेबंद शेजाऱ्यांना सांगितला. “साठ हजार फार कमी घेतले हो,” एवढंच ते म्हणाले.

मग मी माझा मोठा शोध जाहीर केला. पहिल्या आणि दुसऱ्या विजेतेपदात अंतर ४० वर्षांचं, दुसऱ्या आणि तिसऱ्यात ३५ चं. म्हणजे दर वेळी अंतर पाचाने घटतं. त्या हिशेबाने पुढची लीग २०४२ ला, मग २०६७, २०८७, २१०२, २११२ आणि २११७. त्यानंतर अंतर शून्य, म्हणजे २११७ ला स्लायगो एकाच वर्षात दोनदा लीग जिंकणार. रांगेतली चार-पाच माणसं वळून ऐकू लागली. मला वाटलं, हसतील. शेजाऱ्यांनी बोटांवर स्वतःचं वय मोजलं आणि गंभीरपणे म्हणाले, “बेचाळीसचं जमेल मला.”

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा स्वेटरचा झाला. आयर्लंड म्हणजे हिरवं, या माहितीवर मी डब्लिनच्या विमानतळावर एक जाडजूड हिरवा स्वेटर घेतला होता. स्लायगोचे कपडे लाल-पांढरे. ‘बिट ओ रेड’ हे त्यांचं लाडकं नाव. आणि त्या शनिवारी समोर होते डब्लिनचे शॅमरॉक रोव्हर्स, ज्यांच्या अंगावर हिरवे-पांढरे आडवे पट्टे. सगळ्या लाल स्टँडमध्ये मी एकटा हिरवा. आमची सौभाग्यवती लाल शाल पांघरून शेजारी. “तुला कसं कळलं?” मी विचारलं. “खिडकीतून बाहेर बघितलं. सगळ्या दुकानांवर लाल पताका आहेत,” ती म्हणाली. घोटलेल्या इतिहासात पताका नव्हत्या.

तरी मी डगमगलो नाही, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. दोन्ही संघ रोव्हर्स! “कम ऑन रोव्हर्स” असं ओरडलं, की जिंकेल तो आपला. माझ्या आयुष्यभराच्या धोरणाला इतका सोयीचा सामना परमेश्वराने पुन्हा घडवला नसता. मी मोकळ्या गळ्याने ओरडू लागलो. शॅमरॉकने पहिला गोल केला तेव्हाही, वेगात असल्यामुळे, ओरडतच होतो. पुढच्या रांगेतल्या एका लहान मुलाने मागे वळून माझा स्वेटर पाहिला आणि अतिशय अदबीने विचारलं, “तुम्ही चुकून इथे बसलात का?”

शेजाऱ्यांनी प्रसंग ओळखला. “हे बँक मॅनेजर होते,” त्यांनी आसपासच्या मंडळींना सांगितलं. जी बढती मला बँकेने अखेरपर्यंत दिली नाही, ती आयर्लंडमध्ये एका वाक्यात मिळाली. “चला, आत सोडतीचे पैसे मोजायला माणूस हवाय.”

या क्लबाला कुणी शेठ नाही. मालकी समर्थकांची, राबणारे बरेचसे फुकट राबणारे, आणि पैसा उभा करायला सोडती, डबे, जेवणावळी. सामन्याच्या दिवशी दोन-दोन युरोची तिकिटं विकून जमलेल्यातला अर्धा भाग विजेत्याला आणि अर्धा क्लबाला. स्टँडखालच्या खोलीत टेबलावर चिल्लरेचा ढीग आणि समोर एक काकू. ढीग पाहताच माझ्या बोटांना जुनी ओळख पटली. नोटा वेगळ्या, नाणी वेगळी, नाण्यांच्या दहा-दहाच्या चळती. फुटबॉल गेला खड्ड्यात. इथे मी कपिलदेव होतो.

काकूंना वाटलं, पाहुण्याला कंटाळा येईल. म्हणून त्या २०१० ची फायनल सांगू लागल्या. डब्लिनचं नवंकोरं अव्हिवा स्टेडियम, ३६ हजार माणसं, समोर हेच शॅमरॉक. गोलशून्य बरोबरी, मग पेनल्टी. “पहिली पेनल्टी, आमच्या कीरन केलीने अडवली!” असं म्हणून त्यांनी टेबलावर थाप मारली. माझी एक चळत कोसळली. “दुसरी, अडवली!” दुसरी चळत. केलीने त्या दिवशी चार पेनल्ट्या अडवल्या. चौथीनंतर टेबलावर एकही चळत उभी नव्हती, स्लायगो कप जिंकलं होतं आणि मला पहिल्यापासून मोजायला लागलं.

मोजून झालं, तर साडेसात युरो जास्त.

कमी पडले तर कॅशियर खिशातून भरतो आणि सुटतो. जास्त आले तर त्याला झोप लागत नाही. कुणाचे तरी गेलेले असतात. मी तिकिटांची अर्धकं पुन्हा मोजली. जास्तच. मध्यंतराची शिट्टी झाली, सोडतीचा आकडा पुकारायची वेळ आली, पण रोकड जुळल्याशिवाय मी ढीग हलवू देईना. शिवाय प्रश्न तत्त्वाचा होता : या साडेसातातला अर्धा भाग विजेत्याला द्यायचा की नाही? कर्ण्यावरून ‘सोडत थोड्या वेळात’ असं पुकारलं गेलं. दुसरा डाव सुरू झाला. काकूंनी शेवटी मला समजावलं, की इथे माणसं पाचची नोट देऊन दोन तिकिटं घेतात आणि सुटे मागत नाहीत. एका पोराने तर मुठीतले पन्नास सेंटही टाकले.

“पण हे दाखवायचे कुठे? सस्पेन्स खातं आहे का?”

काकूंनी साडेसात युरो उचलून क्लबाच्या डब्यात टाकले. “हे कुणी बँकेत ठेवायला आलेले नाहीत,” त्या म्हणाल्या.

नेमकी तेव्हा डोक्यावरची स्टँड गडगडली. खोलीचं छत हललं, चळती पुन्हा आडव्या झाल्या. स्लायगोने बरोबरी साधली होती, आणि गावात तो गोल न पाहिलेले आम्ही दोघंच असू. मी धावत वर गेलो, तर शेजाऱ्यांनी दोन्ही हात पसरून मला अडवलं. “तुम्ही आत गेलात आणि गोल झाला,” ते म्हणाले. “परत जा.”

आपल्याकडे ज्याला पनवती म्हणतात, तिचं तिकडे रीतसर पद होऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. आता घरच्या मैदानावर स्लायगो मागे पडलं, की कुणीतरी माझ्याकडे बघून बोटांनी पैसे मोजल्याची खूण करतं आणि मी निमूट खाली जातो. उपाय लागू पडतोच असं नाही. बऱ्याचदा मी आत असतानाही शॅमरॉकसारखे लोक आणखी एक गोल टाकून जातात. श्रद्धा मात्र ढळलेली नाही. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना १९९४ ला कप जिंकलेल्या आणि २०२२ ला स्कॉटलंडच्या मदरवेलला त्यांच्या घरी जाऊन हरवलेल्या गावाला मी काय शास्त्र शिकवणार?

माझं धोरणही त्यामुळे कायमचं मोडलं. खाली बसून कोण जिंकतंय ते कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय बाजू बदलायची कशी? नाइलाजाने मी स्लायगोचाच राहतो. परवा मुलीने कामावरून फोन केला.

“बाबा, काय झालं?”

“साडेअकरा युरो जास्त आले.”

“अहो, स्कोअर विचारतेय मी!”

“तो आईला विचार. मला मध्ये बोलवू नकोस, पहिल्यापासून मोजावं लागतं.”